डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाचे पहिले वर्ष: एका कुटुंबाच्या प्रश्नांना उत्तर

एका वडिलांनी लिहून पाठवलेले प्रश्न आधी थोडक्यात सांगते. त्यांची मुलगी पाच आठवड्यांची असून तिच्या गुणसूत्र तपासणीचा अहवाल ‘४७, एक्सएक्स, +२१’ असा आला आहे. आई २६ वर्षांची आहे. पती-पत्नी नात्याने आतेभाऊ-मामेबहीण आहेत. त्यातच गरोदरपणात ग्रहण नीट पाळले नाही, म्हणून असे झाले, असे घरातील थोरली मंडळी आईला ऐकवत आहेत. हे नेमके कशामुळे झाले, यावर औषध आहे का, छाती तपासताना काही ऐकू आले नसतानाही हृदयाची तपासणी करावी का, मुलगी चालेल, बोलेल, शाळेत जाईल का, शासनाकडून काय मिळते आणि पुढच्या बाळाच्या वेळी काय करावे, असे त्यांनी विचारले आहे. बालविकासतज्ज्ञ म्हणून काम करताना हेच प्रश्न थोड्याफार फरकाने बहुतेक घरांतून येतात, म्हणून उत्तर सविस्तर देते.

कारणापासून सुरुवात करू, कारण तुमच्या घरात सध्या त्यावरूनच आईला बोल लावला जात आहे. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. तुमच्या मुलीच्या पेशींत २१व्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन आहेत. डाऊन सिंड्रोम यामुळेच होतो, हे फ्रान्समधील जेरोम लेजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली दाखवून दिले. तोपर्यंत, म्हणजे जॉन लँगडन डाऊन यांनी १८६६ मध्ये या मुलांचे वर्णन केले तेव्हापासून जवळपास शंभर वर्षे, कारणाबद्दल केवळ तर्क चालले होते. हे जादा गुणसूत्र बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होताना होणाऱ्या विभाजनात मागे राहिलेले असते, क्वचित ते पुरुषबीजातूनही येते. स्त्रीबीज तयार होण्याची प्रक्रिया ती स्त्री स्वतः आपल्या आईच्या पोटात असतानाच सुरू झालेली असते. त्यामुळे गरोदरपणात काय खाल्ले, कुठे प्रवास केला, ग्रहणात विळीला हात लावला की नाही, यांचा या अहवालाशी काडीचाही संबंध नाही. नात्यातल्या लग्नामुळे काही आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते हे खरे, परंतु तुमच्या मुलीच्या अहवालात जो प्रकार आहे तो त्यांपैकी नाही. आईच्या वयाचा संबंध मात्र आहे. पंचविशीत ही शक्यता सुमारे १२५० जन्मांत एक, पस्तिशीत ३५० मध्ये एक आणि चाळिशीत १०० मध्ये एक इतकी असते. तरीही अशी बरीच बाळे तरुण मातांनाच होतात, कारण मुळात बाळंतपणेच त्या वयात अधिक होतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे सोबत न्यावे, असे मी आग्रहाने सुचवेन. हीच गोष्ट सुनेच्या तोंडून ऐकणे आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकणे यांत आपल्याकडे फार फरक पडतो.

आता मुख्य मुद्दा. या मुलांचे सर्वांत मोठे नुकसान जादा गुणसूत्रापेक्षा ‘डाऊन आहे, म्हणून असेल’ या समजुतीने होते, असे माझे ठाम मत आहे. बाळ दूध कमी पिते, डाऊन आहे म्हणून. वजन वाढत नाही, डाऊन आहे म्हणून. हाक मारल्यावर बघत नाही, सुस्त पडून असते, रात्री घोरते, तीन वर्षांची झाली तरी बोलत नाही, तर तेही डाऊनमुळेच. नातेवाईक असे म्हणतात आणि खेदाची बाब ही की, डॉक्टरही कधीकधी असेच म्हणतात. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच तक्रारींच्या मागे एखादा वेगळा आजार असतो, जो या मुलांत इतरांपेक्षा अधिक आढळतो आणि ज्यावर उपचार आहेत. जादा गुणसूत्र काढून टाकता येत नाही, पण थायरॉईडची गोळी देता येते, हृदयाचे छिद्र बंद करता येते, कानातले पाणी काढता येते. म्हणून पहिल्या वर्षात तपासण्यांचे वेळापत्रक चुकवू नका, हा माझा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे.

हृदयाबद्दल तुम्ही विचारले आहे. उत्तर स्पष्ट आहे: छातीत आवाज असो वा नसो, टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पहिल्या महिन्याच्या आत व्हायला हवी. तुमचा तो महिना उलटून गेला आहे, तेव्हा ती याच आठवड्यात करून घ्या. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी ४० ते ५० टक्के बाळांत हृदयाचा जन्मजात दोष असतो. जन्मानंतर काही आठवडे फुप्फुसांतील रक्तदाब मुळातच जास्त असल्यामुळे हृदयाच्या पडद्यात मोठे छिद्र असले, तरी त्यातून रक्त जोराने वाहत नाही आणि स्टेथोस्कोपने काहीच ऐकू येत नाही. ‘आवाज नाही, म्हणजे हृदय चांगले’ हे अनुमान नेमके इथेच फसते. पुढे फुप्फुसांकडे जादा रक्त जाऊ लागले की बाळ दूध पिताना दमते, मध्येच थांबते, कपाळावर घाम येतो, श्वास भरभर चालतो आणि वजन वाढेनासे होते. या मुलांत विशेषत्वाने आढळणारा दोष म्हणजे हृदयाच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमधील पडदा मधोमध अपुरा राहणे. त्याची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात करतात. वजन वाढू दे, थोडी मोठी होऊ दे, असे म्हणत घरच्यांनी वर्ष-दोन वर्षे वाट पाहिली, तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कठीण होत जातात आणि मग शस्त्रक्रियाच करता येत नाही अशी वेळ येते. खर्चाच्या काळजीने थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या दोन्हींतून मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांना मदत मिळते.

थायरॉईडची रक्ततपासणी जन्मानंतर, सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर दर वर्षी करावी. जन्माच्या वेळी ‘नॉर्मल’ आले म्हणून पुढे सोडून देऊ नये, कारण हा आजार या मुलांत नंतर कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो. त्याची लक्षणे, म्हणजे सुस्ती, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, खुंटलेली वाढ, ही सगळी सहज डाऊनच्या नावावर खपून जातात. रक्तातील पेशींची संपूर्ण तपासणी जन्मानंतर झाली होती का, तेही डिस्चार्ज कार्डावर पाहा. काही बाळांत पांढऱ्या पेशी तात्पुरत्या बेसुमार वाढतात. त्या बहुधा आपोआप पूर्वपदावर येतात, पण अशा बाळांवर पुढे काही वर्षे लक्ष ठेवावे लागते.

कानांबाबत थोडे विस्ताराने लिहिते, कारण सर्वाधिक दुर्लक्ष तिथेच होते. या मुलांच्या कानाची नळी अरुंद असते आणि मधल्या कानात चिकट द्राव साचून राहतो. ठणका नसतो, कान वाहत नाही, त्यामुळे घरात कोणाला संशय येत नाही, पण मुलाला मात्र पाण्याखालून ऐकावे तसे सगळे अस्पष्ट ऐकू येते. ताटली पडल्याचा आवाज त्याला कळतो, म्हणून ‘ऐकू तर येते’ असे आपण म्हणतो. पण ‘पाणी’ आणि ‘नाणी’ यांतला फरक त्याच्या कानापर्यंत पोहोचतच नाही आणि जो शब्द नीट ऐकलाच नाही, तो ते बोलणार कसे? नवजात बाळाची कानांची तपासणी झाली नसेल, तर आवाजाला मेंदू देत असलेला प्रतिसाद मोजणारी बेरा नावाची चाचणी करून घ्या. त्यानंतर दोन्ही कान वेगवेगळे तपासता येऊन श्रवण उत्तम असल्याची खात्री होईपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि पुढे दर वर्षी तपासणी करा. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग या वाचा-श्रवणदोषांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत ही सोय आहे. डोळ्यांचे तसेच आहे. मोतीबिंदू, तिरळेपणा आणि चष्म्याचा नंबर या मुलांत अधिक आढळतो, म्हणून सहा महिन्यांच्या आत नेत्रतज्ज्ञांना एकदा दाखवावे.

तीन लक्षणांत वाट पाहायची नाही. हिरवी उलटी होणे किंवा पोट फुगून शी न होणे, हा आतड्यातील अडथळा असू शकतो. ओठ-जीभ निळसर होणे हे दुसरे. तिसरे लक्षण लोकांना ठाऊक नसते: साधारण तीन महिन्यांनंतर बाळ झोपेतून उठताना एकदम पुढे वाकते, हात फेकते, क्षणभर थांबते आणि पुन्हा तसेच करते, असे एकामागून एक अनेकदा होते. घरात त्याला पोटदुखी किंवा दचकणे समजतात. ते आकडीचे एक रूप असू शकते आणि उपचाराला उशीर झाला, तर विकास मागे जातो. मोबाईलवर त्याचे चित्रण करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता घरच्या गोष्टी. बाळाचे स्नायू सैल असतात आणि तोंडाची पोकळी लहान असते. जीभ बाहेर दिसते ती मुख्यत्वे त्यामुळे. आईचे दूध या बाळांना पिता येते, फक्त सुरुवातीचे काही आठवडे चिकाटी लागते. बाळाचे डोके पोटापेक्षा किंचित उंच ठेवावे, आईने स्तनाला आधार देणाऱ्या हाताचा अंगठा आणि पहिले बोट मोकळे ठेवून त्यांच्या बेचक्यात बाळाची हनुवटी हलकेच धरावी, म्हणजे जबडा स्थिर राहतो आणि पकड सुटत नाही. अशी बाळे भुकेने रडून उठतीलच असे नाही, म्हणून सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावे. पोट भरत नसेल, तर काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने बाळाला उभट धरून द्यावे. आडवे ठेवून घशात ओतणे धोक्याचे आहे. सहा महिन्यांनंतर नाचणीचे सत्त्व, मऊ भात, वरण नेहमीप्रमाणे सुरू करावे, पण तिसऱ्या वर्षापर्यंत सगळे मिक्सरमधून काढून भरवण्याची सवय टाळावी. चावण्याचा सराव मिळाला नाही, तर जबडा आणि जीभ कमजोरच राहतात. त्याचा परिणाम पुढे उच्चारांवरही होतो.

मालिशवाल्या मावशींना एक सूचना जरूर द्या. मालिश चालेल, बाळाला ती आवडते आणि अंगाला हाताची ओळखही होते. परंतु पाय ओढून डोक्याला लावणे, हात मागे ताणणे, उलटे धरून झुलवणे हे प्रकार या बाळाच्या बाबतीत कटाक्षाने वर्ज्य. मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधील सांधा या मुलांत सैल असू शकतो आणि खुब्याचे सांधेही ढिले असतात. पुढे कधी भूल द्यायची वेळ आली, तर भूलतज्ज्ञांनाही मानेबद्दल आधी सांगावे. बाळ उताणे असताना पाय बेडकासारखे बाहेर पसरत असतील, तर दोन्ही मांड्यांच्या बाहेरच्या बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावाव्यात. आपल्याकडे मूल कडेवर घेण्याची पद्धत आहे. त्यात पाय फाकलेले राहतात, म्हणून या बाळाला शक्यतो पाय जुळवून, पाठ आपल्या छातीला टेकवून घ्यावे. जागेपणी आणि आपल्या नजरेसमोर दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ पालथे ठेवावे. चाकांच्या खुर्चीसारखा बसायचा वॉकर नको. मूल आधाराने उभे राहू लागले की जुना लाकडी पांगुळगाडा कितीतरी चांगला, कारण तो ढकलताना वजन स्वतःच्या पायांवर पडते.

ती चालेल का? हो. या मुलांतील बहुतेक सगळी मुले चालतात. ती सरासरी अकराव्या महिन्याच्या सुमारास बसू लागतात, दोन वर्षांच्या आसपास चालू लागतात, पण एक ते चार वर्षे हा सगळाच टप्पा स्वाभाविक मानला जातो. बोलणे त्याहून उशिरा येते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: या मुलांना जितके बोलता येते, त्यापेक्षा कितीतरी जास्त समजत असते. ऐकून शिकण्यापेक्षा पाहून शिकणे त्यांना सोपे जाते. म्हणून शब्दाबरोबर खूण दाखवा. ‘दूध’ म्हणताना हाताने पिण्याची खूण, ‘टाटा’ करताना हात. खुणांमुळे मूल बोलायचे राहते, ही भीती निराधार आहे. उलट शब्द येईपर्यंत त्याची चिडचिड कमी होते आणि शब्दही येतात. घरात मराठी बोलत असाल, तर मराठीच बोला. पुढे इंग्रजी शाळेत घालायचे म्हणून आजी-आजोबांनी मोडक्या इंग्रजीत बोलण्याचे काहीच कारण नाही. दोन भाषा ऐकणारी डाऊन सिंड्रोमची मुले एकच भाषा ऐकणाऱ्या अशा मुलांच्या मागे पडत नाहीत.

फिजिओथेरपी, वाचा-उपचार आणि व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) यांची सुरुवात दोन-तीन महिन्यांच्या वयापासून करावी. मात्र आठवड्यातून पाच ठिकाणी धावपळ करण्यापेक्षा एका चांगल्या उपचारकाकडून शिकून तेच अंघोळ, कपडे, भरवणे आणि खेळ यांत रोज गुंफणे अधिक उपयोगाचे. थेरपीच्या रिक्षाभाड्यात आणि रांगेत आईचा सगळा दिवस जाणार असेल, तर तिला बाळाशी गप्पा मारायला वेळच उरत नाही.

औषधाबद्दल: डाऊन सिंड्रोम बरा करणारे किंवा बुद्धी वाढवणारे कोणतेही औषध आज नाही. बुद्धिवर्धक सिरप, महागडी जीवनसत्त्वांची पाकिटे, स्टेमसेलची इंजेक्शने यांपैकी कशाचाही उपयोग सिद्ध झालेला नाही. सुवर्णप्राशनाबद्दल हमखास विचारले जाते, म्हणून सांगते की त्यात मध असतो आणि एक वर्षाच्या आतील कोणत्याही बाळाला मध देऊ नये. गुटीही नको. लसीकरण मात्र सर्व मुलांप्रमाणेच, वेळच्या वेळी, आणि सहा महिन्यांनंतर फ्लूची लसही द्यावी, कारण या मुलांना छातीचे संसर्ग लवकर होतात.

शाळेचा प्रश्न पाच आठवड्यांच्या बाळाबाबत आत्ताच सोडवायची गरज नाही, पण मनाला घोर लागतो हे मला कळते. बहुतेक मुलांत बौद्धिक अक्षमता सौम्य ते मध्यम असते. अडीच-तीन वर्षांची झाली की गल्लीतल्या अंगणवाडीत किंवा बालवाडीत इतर मुलांबरोबरच घाला. मुले मुलांचे पाहून जेवढे शिकतात तेवढे मोठ्यांकडून शिकत नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा तिला हक्क आहे. कोणती शाळा योग्य, हे तेव्हाची मुलगी पाहून ठरवावे. आयुर्मानाची भीतीही अनेकांना असते. १९८३ च्या सुमारास पाश्चात्त्य देशांत हे सरासरी आयुष्य २५ वर्षांच्या आसपास होते, आज ते साठीच्या घरात आहे. त्यामागे हृदयशस्त्रक्रियांचा वाटा फार मोठा आहे.

शासकीय मदतीसाठी पहिला पत्ता तुमच्या जिल्हा रुग्णालयातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे आणि तपासण्या, थेरपी व पुढील रुग्णालयाकडे पाठवण्याचे काम तिथून होते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) यांसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो. ते साधारणपणे एक वर्ष पूर्ण झाल्यावर मिळते आणि लहान वयात ठरावीक मुदतीचेच असते, त्यामुळे नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. प्रमाणपत्र आले की राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यासाठी अर्ज करा. त्यात १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, आधीच्या आजारामुळे नाकारले जात नाही आणि थेरपीचा खर्चही काही मर्यादेपर्यंत धरला जातो. जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरत असाल, तर दिव्यांग अवलंबितासाठी ७५,००० रुपयांची आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. प्रमाणपत्र काढले तर मुलीवर शिक्का बसेल, असे काही आजोबांना वाटते. मात्र ते ड्रॉवरमध्ये ठेवायचा कागद आहे, कपाळावर चिकटवायचा नाही.

आईबद्दल दोन शब्द. बाळंतपणानंतरचे नैराश्य कोणत्याही आईला येऊ शकते, इथे तर त्यावर दोषारोपांची भर पडली आहे. ती सतत रडत असेल, झोपत नसेल, बाळाकडे पाहणेही टाळत असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून सोडू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आपल्या शहरातील डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पालकांचा गट शीघ्र हस्तक्षेप केंद्रात विचारून शोधा. पाच वर्षे पुढे असलेली दुसरी आई जे सांगेल, ते आम्हा डॉक्टरांना सांगता येत नाही. बारसे पुढे ढकलले असेल, तर ते आता करून टाका.

शेवटी पुढच्या बाळाचा प्रश्न. तुमच्या मुलीचा अहवाल साध्या त्रिगुणसूत्राचा, म्हणजे जादा गुणसूत्र सुटे असल्याचा आहे. सुमारे ९५ टक्के मुलांत असाच असतो आणि त्यात आई-वडिलांच्या गुणसूत्रांची तपासणी करण्याची गरज नसते. जादा भाग दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेला आढळला असता, तर मात्र तुम्हा दोघांची तपासणी आवश्यक ठरली असती. तुमच्या वयात पुढच्या खेपेस पुन्हा असे होण्याची शक्यता सुमारे एक टक्का आहे, म्हणजे तसे न होण्याची शक्यता ९९ टक्के आहे. पुढच्या गरोदरपणात ११ ते १३ आठवड्यांत सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करता येते, १० आठवड्यांनंतर आईच्या रक्तातून गर्भाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणारी एनआयपीटी चाचणीही होते. पण या दोन्ही चाचण्या केवळ शक्यता सांगतात. खात्रीचे निदान वारेचा नमुना किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल तपासूनच होते. चाचणी करायची की नाही आणि अहवाल आल्यावर काय करायचे, हा निर्णय सर्वस्वी तुम्हा दोघांचा आहे. गर्भधारणेचा विचार सुरू कराल, तेव्हा हाच गुणसूत्र अहवाल घेऊन आनुवंशिकतातज्ज्ञांना एकदा भेटा. मूळ प्रत जपून ठेवा, कारण झेरॉक्सवर गुणसूत्रांचे चित्र नीट उमटत नाही.